जुनी रेसिंग सायकल आणि तिचे हँडल



सोनाराच्या पेढीवर दोन क्रियापदे फार जपून वापरली जातात. एक ‘उजळणे’ आणि दुसरे ‘मोडणे’. आजीच्या पाटल्या उजळून आणल्या म्हणजे त्या आजीच्याच राहतात. मोडून त्यांच्या बांगड्या केल्या म्हणजे सोने तेवढे आजीचे, घडण मात्र आपली. दोन्ही गोष्टींना प्रसंगी स्थान आहे. परंतु उजळायला म्हणून नेलेला दागिना कोणी मोडून परत आणला, तर घरात काय होते हे मी आपल्याला सांगायला नको. आजचा विषय जुन्या सायकलीचा असला तरी प्रश्न तोच आहे. जुन्या रेसिंग सायकलीचे हँडल बदलावे की नाही, बदलायचे तर कसे, आणि तिचे रूप आपल्या मनाजोगते करताना कोठे थांबावे, याचा थोडा पद्धतशीर विचार आज करू.

सायकल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती काळी, उंच, ताठ बसून चालवायची, चेनवर पत्र्याचे आवरण असलेली सायकल. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ते हिच्यामुळेच. मी बोलणार आहे तिच्या सडपातळ बहिणीबद्दल : इंग्लंड, फ्रान्स, इटली, जपान आणि अमेरिका या देशांत १९६० ते १९८५ च्या सुमारास लाखांनी तयार झालेल्या, बारीक टायरांच्या, गियरच्या, मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे खाली वळलेल्या हँडलच्या सायकलीबद्दल. अशा कितीतरी सायकली आज त्या देशांत माळ्यावर, तळघरात, गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगून पडल्या आहेत. पोलाद शाबूत आहे, चाके फिरताहेत. पण चालवणाऱ्याची कंबर आता तेवढी वाकत नाही. हँडल बदलले तर ती सायकल पुन्हा रस्त्यावर येते. बदलले नाही तर ती खिळ्यालाच राहते. शिवाय ज्या हँडलला ब्रेक जोडलेले असतात, तेथे चुकीचे काम केले तर माणसाच्या हाडांवर बेतते. तेव्हा विषय वाटतो तितका हौसेचा नाही.

प्रथम हे पाहू की हँडल मुळात खाली वळले का. शोभेसाठी नव्हे. त्याचे कारण हवा. सायकलस्वाराचा वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि तो अडथळा त्या वेगाने सारत नेण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. तासाला १५ किलोमीटरने बाजारात जाणाऱ्याला हवा जाणवतही नाही. ३० किलोमीटरने जाणाऱ्याचे बहुतेक श्रम हवा सारण्यातच खर्च होतात. आणि या अडथळ्याचा मोठा भाग सायकलीचा नसून वर बसलेल्या माणसाच्या देहाचा असतो. म्हणून शर्यतवाल्याने छाती खाली घेतली, आणि छाती खाली घेण्यासाठी हातांना धरायला खाली जागा हवी, म्हणून हँडल वाकले. हँडल हे देहाच्या ठेवणीचे साधन आहे.

या ठेवणीची किंमत किती, याची उदाहरणे सायकलींच्या इतिहासात ठायी ठायी आहेत. १८९९ साली माँट्रिअल येथे जगज्जेता ठरलेला कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू मेजर टेलर हँडल पुढे-मागे सरकवता येईल असा जोड वापरी. त्या जोडाला आजही त्याचेच नाव आहे. १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्चेस्को मोझरने मेक्सिकोत एका तासात ५१ किलोमीटरांहून अधिक अंतर कापले, तेव्हा त्याच्या सायकलीला बैलाच्या शिंगांप्रमाणे पुढे निघालेले हँडल होते. १९८९ च्या ‘टूर द फ्रान्स’ची गोष्ट तर नाटकात शोभावी अशी. शेवटच्या दिवशी, २४.५ किलोमीटरांच्या वैयक्तिक धावेपूर्वी, अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा फ्रान्सच्या लोराँ फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता. लेमाँडने हँडलवर पुढे निघणारे आणखी एक हँडल बसवले होते. त्यावर कोपर टेकून, हात जवळ घेऊन तो धावला आणि ५८ सेकंद मिळवून शर्यत जिंकला. सव्वातीन हजार किलोमीटरांच्या शर्यतीत अंतर पडले ते ८ सेकंदांचे! या विजयाचे सगळे श्रेय त्या नळीला देणे म्हणजे लेमाँडच्या पायांवर अन्याय होईल. पण त्यानंतर तसले हँडल सर्वांनीच घेतले, ही गोष्ट बोलकी आहे.

आता शर्यतवाल्याचे हँडल सामान्य माणसाकडे कसे आले ते पाहा. १९७० नंतर अमेरिकेत सायकलींची एक लाट आली. १९७३ साली त्या देशात दीड कोटीच्या घरात सायकली विकल्या गेल्या, आणि त्यांत दहा गियरच्या, वाकड्या हँडलच्या सायकलींचा मोठा भरणा होता. फ्रान्सची प्यूजो, इंग्लंडची रॅले, घरची श्विन. घेणारे बहुतेक शर्यतीच्या वाटेला न जाणारे. त्यांना ते हँडल आवडे, पण त्याचा खालचा भाग ते धरत नसत; वरची आडवी नळी धरून ताठ बसत. मग ब्रेकपर्यंत हात पोहोचेना. यावर कारखानदारांनी तोड काढली : मूळ ब्रेकदांडीला आडवी जादा दांडी जोडून दिली. तिला ‘सेफ्टी’ म्हणत. पण या जादा दांडीचा प्रवास लहान असल्याने पुष्कळदा ब्रेक पुरता लागण्याआधीच ती हँडलला टेके. म्हणजे ज्या गोष्टीच्या नावात सुरक्षितता होती, तिच्यातच उणीव होती. सांगायचा मुद्दा असा, की या सायकलींपैकी बऱ्याच सायकलींवर ते हँडल पहिल्या दिवसापासूनच मालकाच्या देहाला जुळणारे नव्हते. अशा सायकलीचे हँडल बदलणे हा इतिहासाचा द्रोह नव्हे. पन्नास वर्षे राहून गेलेले काम पुरे करणे आहे.

परंतु बदलण्यापूर्वी एक साधा उपाय करून पाहावा. हँडलची आडवी नळी ज्या वाकलेल्या दांड्यात बसते, त्याला आपण हँडलची मान म्हणू. ही मान चिमट्याच्या नळीत उतरलेली असते आणि आत एका पाचरीने घट्ट धरलेली असते. वरचा बोल्ट दोन-तीन आटे सैल करून त्यावर लाकडी हातोडीने हलका ठोका दिला की पाचर सुटते आणि मान वर घेता येते. दोन-अडीच सेंटिमीटरांनीही पाठीला पुष्कळ सुख होते. मात्र मानेवर एक खूण कोरलेली असते. ती नळीच्या बाहेर दिसेपर्यंत मान कधीही वर काढू नये, कारण त्यापुढे आत राहणारा तुकडा माणसाचा भार पेलण्यास अपुरा पडतो. जेथे खूणच नाही, तेथे निदान साडेसहा सेंटिमीटर मान आत राहील असे पाहावे. वर्षानुवर्षे न हललेली मान पुष्कळदा आत चिकटून बसते. तेथे आटे सैल करणारे तेल सोडून दोन दिवस थांबावे. जोर आणि आग ही दोन्ही साधने रंगाची शत्रू आहेत.

एवढ्याने भागले नाही तर नवे हँडल. त्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला, मागे वळलेल्या मुठींचा, ताठ बसवणारा. लंडनच्या नॉर्थ रोड सायकलिंग क्लबवरून इंग्रजीत त्याला ‘नॉर्थ रोड’ हे नाव पडले. आपल्या काळ्या सायकलीचे हँडल याच कुळातले; म्हणजे युरोप-अमेरिकेतला हौशी माणूस आज जे मोठ्या आवडीने बसवून घेतो, ते आपल्या दूधवाल्याच्या सायकलीला आधीपासूनच होते. दुसरा, मिशीच्या आकाराचा : पुढे जाऊन रुंद वळणाने मागे येणारा, पण फारसा खाली न उतरणारा. ब्रिजस्टोन या जपानी कंपनीने १९९२ च्या एका सायकलीला तो बसवला आणि पुढे त्याला चाहते मिळाले. तिसरा प्रकार मोझरच्या हँडलसारखा, बैलाच्या शिंगांचा. हा पुष्कळ लोक घरीच करतात : जुने वाकडे हँडल उलटे करून खालचा भाग करवतीने कापतात. कापलेली नळी पुन्हा जोडली जात नाही, म्हणून हा प्रयोग दुर्मिळ हँडलवर कधी करू नये. न कापता नुसतेच उलटे केलेले हँडल तर त्याहून वाईट. शिंगे आभाळाकडे जातात आणि ब्रेक हातापासून दूर पडतो.

आता मुख्य गोष्ट. सायकलीवर माणूस तीन ठिकाणी टेकलेला असतो : हात, बैठक आणि पाय. यांपैकी एक बिंदू हलवला की बाकीचे दोन तक्रार करू लागतात. ताठ हँडल बसवले की हात पंधरा-वीस सेंटिमीटर मागे येतात. हातांवरचा भार बैठकीवर येतो. शर्यतीची अरुंद सीट एवढा भार घेण्यासाठी केलेलीच नसते. म्हणून पाठ सुखावते आणि बसण्याची जागा दुखू लागते. मग सीट रुंद हवी. पुढच्या चाकावरचा भार कमी झाल्यामुळे चढावर ते चाक डगमगते. वळताना मागे आलेल्या मुठी गुडघ्याला लागतात की काय, तेही पाहावे लागते. म्हणून हँडल विकत घेण्याआधी ते किती मागे येते हे मोजून, लागल्यास मान लांब किंवा आखूड घ्यावी. एका खांबाला हात लावायचा तर त्यावर कोणकोणत्या तुळया टेकल्या आहेत हे गवंडी आधी पाहतो. तशातलाच हा प्रकार.

यानंतर मापे. येथे पुष्कळांचे पैसे वाया जातात. इंग्रजी व जपानी पद्धतीची मान जेथे चिमट्यात उतरते, तेथे तिची जाडी २२.२ मिलिमीटर असते. जुन्या फ्रेंच सायकलींत ती २२ असते. फरक नखाएवढाही नाही, पण २२.२ ची मान २२ च्या नळीत उतरत नाही. हँडल जेथे मानेत धरले जाते तेथील जाडी कोठे २५.४, जुन्या फ्रेंच हँडलची बहुधा २५, इटालियन पद्धतीची २६, तर चिनेल्ली या इटालियन कारखान्याच्या जुन्या हँडलची २६.४. पंचविसाचे हँडल सव्वीसच्या मानेत आवळून बसवले तर ते बसल्यासारखे वाटते. आणि एखाद्या खड्ड्यात, भार पडताच, ते फिरते. ब्रेकदांडी जेथे बसते तेथेही असेच : वाकड्या हँडलची नळी बहुधा २३.८ मिलिमीटर, सरळ वा ताठ हँडलची २२.२. एकीच्या ब्रेकदांड्या दुसरीवर नीट बसत नाहीत. म्हणून बाजारात जाताना आवड घरी ठेवावी आणि व्हर्नियर कॅलिपर खिशात घ्यावा.

जुन्या मानेला बहुधा एकच बोल्ट असतो, त्यामुळे हँडल त्या भोकातून सबंध ओवून न्यावे लागते. वळणावर ते अडते. लोक जोर करतात आणि ॲल्युमिनियमवर चरे पडतात. एक सोपी युक्ती आहे : बोल्ट काढून उलट्या बाजूने घालावा आणि फटीत एक नाणे ठेवून त्यावर हलकेच आवळावा, तोंड किंचित उघडते आणि हँडल सुखाने जाते. किंचित म्हणजे किंचितच. अधिक फाकवले तर मान तडकते. चऱ्याला एवढे का भ्यायचे, असे कोणी विचारील. पोलाद ठरावीक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा सोसू शकते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक हिसक्याची नोंद ते आपल्या वहीत ठेवते, आणि तडा जातो तो बहुधा अशाच एखाद्या चऱ्यापासून. म्हणून चाळीस-पन्नास वर्षांचे ॲल्युमिनियमचे हँडल किंवा मान वापरण्यापूर्वी उजेडात धरून तपासावी. ती वाकलेली, चरे पडलेली किंवा पूर्वी अपघातात सापडलेली असेल, तर कितीही देखणी असली तरी तिची जागा कपाटात आहे. तुटणारे हँडल आधी सूचना देत नाही.

ब्रेकच्या बाबतीत तीन नियम पाळावेत. हँडल उंच आणि मागे आले की जुनी वायर अपुरी पडते. वायर व तिचे आवरण नवे, योग्य लांबीचे घ्यावे. वायरीच्या टोकाचा मणी वाकड्या हँडलच्या दांडीसाठी एका आकाराचा असतो व सरळ हँडलच्या दांडीसाठी दुसऱ्या, हे दुकानदाराला स्पष्ट सांगावे. आणि नवी ब्रेकदांडी जुन्या कॅलिपर ब्रेकला जुळणारी हवी. आधुनिक, लांब हातांच्या ब्रेकसाठी केलेली दांडी अधिक वायर ओढते पण जोर कमी देते, म्हणून ब्रेक पुरेसा लागत नाही. सारे झाल्यावर हँडल दोन्हीकडे पुरते फिरवून पाहावे. कोणतीही वायर ताणली जाऊ नये. आणखी एक गोष्ट आपल्या पावसाळ्याच्या दृष्टीने महत्त्वाची : जुन्या स्वस्त सायकलींची रिम क्रोम केलेल्या पोलादाची असते, आणि ओल्या क्रोमवर रबर फार निसटते. तेथे ॲल्युमिनियमची रिम बसवणे हा रूपाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. फक्त २७ इंची चाकाच्या जागी आजचे ७०० चे चाक बसवताना रिम ४ मिलिमीटर खाली जाते. ब्रेकचे रबर तेथवर पोहोचते की नाही, ते आधी पाहावे.

आता रूपाकडे वळू, कारण हौस ही काही गुन्हा नाही. वाकड्या हँडलला पट्टी गुंडाळतात. ती खालच्या टोकापासून वर गुंडाळावी, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर चढतो; कौले पागोळीकडून आढ्याकडे लावत जातात, तसेच. उलट गुंडाळलेली पट्टी हाताच्या दाबाने उलगडते. नळीच्या टोकांना बूच हवेच. उघडी नळी पडताना पोटात घुसते. पूर्वी युरोपात सुती पट्टी लावून तिच्यावर लाखेचे पॉलिश देत : चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन-तीन हात. पट्टी टणक होते, पाणी धरत नाही आणि पांढऱ्या सुताला मधासारखा रंग चढतो. ही लाख लहानशा किड्यांपासून झाडांच्या फांद्यांवर तयार होते, आणि आपल्या देशात झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांत ती आजही मोठ्या प्रमाणावर गोळा होते. आपल्या लाखेच्या बांगड्यांचे आणि फ्रेंच सायकलींच्या हँडलचे असे हे दूरचे नाते आहे.

रंगाबद्दल मात्र हात आखडता घ्यावा. चांगल्या जुन्या सांगाड्यांपैकी पुष्कळ ‘रेनॉल्ड्स ५३१’ नावाच्या पोलादी नळ्यांचे असतात. १९३५ साली निघालेल्या या नळ्या टोकांशी जाड आणि मध्ये पातळ असतात. मध्ये तर जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. वाळूच्या फवाऱ्याने रंग उडवणारा अजाण कारागीर त्याबरोबर पोलादही उडवतो. शिवाय मूळ रंग, सोनेरी रेघा आणि कारखान्याची चित्रे एकदा गेली की ती कोणत्याही किमतीला परत येत नाहीत. म्हणून सौम्य उपायापासून आरंभ करावा : साबणपाणी, मऊ फडके, मग मेण. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियमची पातळ चुरगळलेली पन्नी पाण्यात बुडवून घासली तर निघतो. ॲल्युमिनियमचे भाग मात्र फार घासू नयेत. त्यांवर कारखान्यात संरक्षक थर दिलेला असेल तर तो जातो, आणि मग ते दर महिन्याला घासत बसावे लागते.

येथे दोन पक्ष पडतात. संग्राहक म्हणतात, जुन्या वस्तूला हात लावू नये. मूळपण एकदाच मिळते. चालवणारे म्हणतात, सायकल चालवण्यासाठी आहे. न चालणारी सायकल म्हणजे लोखंड. दोघांचेही म्हणणे खरे आहे, पण ते वेगवेगळ्या सायकलींबद्दल खरे आहे. एखाद्या कारागिराने हाताने घडवलेली, सर्व मूळ भागांसह राहिलेली सायकल हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे. ती उजळावी, मोडू नये. लाटेच्या काळात लाखांनी निघालेली सायकल हा दस्तऐवज नव्हे, ते एक चांगले हत्यार आहे. ते आपल्या हाताला जुळवून घ्यावे. आणि या दोहोंच्या मध्ये जी पुष्कळ सायकली पडतात, त्यांच्यासाठी एकच कसोटी मला पुरेशी वाटते : केलेला बदल एका संध्याकाळी, पान्याने, परत फिरवता येईल काय? हँडल, मान, सीट, पट्टी, वायर हे सर्व परत फिरते. करवत, कानस, वेल्डिंग आणि रंगाचा फवारा परत फिरत नाही. पहिल्या गटात मोकळेपणाने वागावे. दुसऱ्या गटाच्या दारात दहा दिवस विचार करावा.

काढलेले भाग फेकू नयेत. ते पुसून, तेलाचा हात देऊन, एका खोक्यात ठेवावेत आणि वर चिठ्ठी लावावी की हे अमुक सायकलीचे, अमुक साली काढले. आज आपली कंबर वाकत नाही म्हणून हँडल वर आले. उद्या नात ती सायकल घेईल, तिची कंबर वाकत असेल, आणि तिला वाऱ्याशी झगडावेसे वाटेल. ते खोके उघडून तिने संध्याकाळभरात जुने हँडल परत चढवले, तर आपण त्या सायकलीला नीट सांभाळले असे म्हणता येईल. वस्तू जपणे म्हणजे ती गोठवणे नव्हे आणि वापरणे म्हणजे ती संपवणे नव्हे. आपल्यानंतर जो येईल त्याच्या हाती निवड शिल्लक ठेवणे, एवढेच आपले काम. ते पान्याने होते. करवतीने होत नाही.